शेवटचे दोन दिवस हातचे राखून

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची आमची कॅम्पर गाडीतली भटकंती संपत आली होती. हास्टहून पश्चिम किनारा धरून आम्ही हळूहळू उत्तरेकडे निघालो. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. या किनाऱ्यावर तो असाच पडतो. टास्मान समुद्रावरून आलेले ढग दक्षिण आल्प्सला अडतात आणि सगळं पाणी इथेच रिकामं करतात. वाटेतले पूल एकपदरी. पाटीवरचा आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. त्यामुळे घाई करून काही उपयोग नव्हता.

होकिटिकाला मुक्काम केला. समुद्राने वाहून आणलेल्या ओंडक्यांनी तिथला किनारा भरला होता. पाऊस उघडला तशी ओल्या कपड्यांची दोरी बांधली आणि उरलेल्या तांदळा-डाळीची खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशी ओटिराचा घाट चढलो. पूर्वी दरडींमुळे हा रस्ता वारंवार बंद पडायचा. 1999 मध्ये तिथे उंच पूल झाला. वर आर्थर्स पास गावात गाडी थांबवली, तर एक केआ थेट टपावर येऊन बसला. केआ म्हणजे इथला डोंगरी पोपट. अंगाने हिरवट, पण पंख उघडले की खालून नारिंगी. वाकड्या चोचीने तो खिडकीचं रबर उचकटू लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या, तरी पठ्ठ्या ढिम्म हलेना. त्याला खायला घालू नये, असे फलक जागोजागी आहेत. खाऊची सवय लागली की तो माणसांच्या, गाड्यांच्या जवळ येतो आणि जिवाला मुकतो. मला त्याच्याकडे पाहतच राहावंसं वाटत होतं, पण आम्ही गाडी सुरू केली.

पुढे कॅसल हिलचे चुनखडीचे प्रचंड खडक पाहिले, पोर्टर्स पास ओलांडला आणि क्राइस्टचर्चच्या सपाट प्रदेशात उतरलो.

शेवटचा दिवस सगळा आवराआवरीचा. डंप स्टेशनवर संडासाची टाकी रिकामी केली, धुतली, मग सांडपाण्याची नळी सोडली. पिण्याच्या पाण्याचा नळ तिथे वेगळा असतो, धुण्याच्या नळीतून पिण्याचं पाणी घ्यायचं नाही. उरलेलं पीठ, तेल, मसाले कॅम्पच्या स्वयंपाकघरात इतरांसाठी ठेवायच्या फळीवर ठेवले. डिझेल भरलं. इथे डिझेलच्या दरात रस्त्याचा कर नसतो, तो किलोमीटरवर वेगळा द्यावा लागतो. गाडी परत करताना तो हिशेबही झाला.

कॅम्परने जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: शेवटचे दोन दिवस हातचे राखून ठेवा. एक पावसासाठी, एक आवरण्यासाठी. ज्या जागेने आपल्याला राहू दिलं, ती स्वच्छ करून निघायलाही वेळ लागतो.