डांडल्सचं बोट

अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये मी एका चित्रापाशी रेंगाळलो. जावाचा डच गव्हर्नर-जनरल डांडल्स (1808 ते 1811). आन्येर ते पानारुकान हा सुमारे हजार किलोमीटरचा रस्ता त्याने वेठबिगारीने करून घेतला. त्यात कितीतरी गरीब मजूर मेले. चित्रात त्याचं बोट नकाशावर आहे, मेगामेंडुंगच्या घाटरस्त्यावर.

चित्रकाराचं नाव वाचून चमकलो. रादेन सालेह! जावाचाच मुसलमान. 1838चं चित्र, डांडल्स मरून वीस वर्षं झालेली. सालेह तेव्हा डच सरकारच्या पैशावर युरोपात शिकत होता. ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांना नाही कसं म्हणणार? मला तर त्याचा रागही येईना.

मायदेशी परतल्यावर, 1857 मध्ये, त्याने शहजादा दिपोनेगोरोच्या अटकेचं चित्र रंगवलं. त्यात डच अधिकाऱ्यांची डोकी धडाच्या मानाने बेढब मोठी आहेत.