बँकॉकची रात्र आणि दगडी धम्मचक्र

बँकॉकला जातो म्हटले की आपल्याकडे लोक डोळे मिचकावतात. रजेचा अर्ज दिला तेव्हा आमच्या कचेरीतही तेच झाले. पण विमान उतरते त्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी! सम्राट अशोकाच्या काळात सोण आणि उत्तर हे दोन थेर धम्म घेऊन सुवर्णभूमीला गेले, असे महावंस सांगतो.

खाओ सान म्हणजे सडलेले तांदूळ. एकेकाळी या रस्त्यावर तांदळाचा व्यापार चाले. आता दिवस मावळला की कर्कश गाणी, बिअर आणि तळलेले विंचू! याओवारात या चिनी वस्तीत मात्र रात्री खाण्याच्या गाड्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे दिसतात. तेथे लेकरांना घेऊन खुशाल जावे.

पॅटपाँगच्या गल्लीत मन खिन्न होते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिक सुट्टीला येऊ लागले आणि या शहरातला हा धंदा फोफावला. त्यात पोट भरणाऱ्या कितीतरी मुली ईसान या गरीब भातशेतीच्या प्रदेशातल्या. "बौद्ध देशात हे कसे?" असे विचारणाऱ्यांनी, कोणाच्या लेकी येथे आल्या आणि पैसा कोणाचा, हेही विचारावे. वैशाख पौर्णिमेला दारूविक्री बंद ठेवण्याचा तेथे नियम आहे. २०२५ मध्ये हॉटेले, विमानतळ यांना त्यातून सूट मिळाली. महसुलापुढे पाचवे शील मागे सरले, दुसरे काय!

खाओ सानपासून राष्ट्रीय संग्रहालय पायी जाण्याइतके जवळ. राजा चुलालाँगकॉर्न यांनी १८७४ साली सुरू केलेले हे संग्रहालय जुन्या राजवाड्यात आहे. द्वारवती काळातले, सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे दगडी धम्मचक्र येथे पाहावे. नाखोन पाथोमहून आणलेल्या या चक्राबरोबर एक हरिणही बसलेले आहे. सारनाथच्या मृगदावाची खूण इतक्या दूर कोरणाऱ्या पाथरवटाने ते वन डोळ्यांनी पाहिले असेल का? मी बराच वेळ तेथून हललो नाही. आवारातल्या १७९५ च्या बुद्धाइसावन विहारात फ्रा फुत्थसिहिंग ही बुद्धमूर्ती आहे. एप्रिलमध्ये सोंगक्रानला ती बाहेर आणतात, लोक तिच्यावर पाणी वाहतात.

उपासक-उपासिकांनी वाट साकेतचा सुवर्णगिरीही चढावा. १८९८ मध्ये पिप्रहवा येथे सापडलेल्या अस्थिधातूंपैकी काही ब्रिटिश सरकारने चुलालाँगकॉर्न यांना दिले. ते तेथे आहेत. संग्रहालय सोमवारी-मंगळवारी बंद असते, हे सहलवाल्यांना आधीच बजावून ठेवावे.