मिलिव्होल्टचा हिशेब

टर्नटेबलच्या मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल अगदी क्षीण असतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देते, तर जपानी डेनॉन डीएल-१०३ जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट. नेहमीचा फोनो स्टेज ४० डेसिबेल, म्हणजे १०० पट वाढ करतो. ०.३ चे त्यातून ३० मिलिव्होल्ट होतात आणि ॲम्प्लिफायरला ते पुरत नाहीत. आणखी २० डेसिबेल कुठून तरी आणावे लागतात.

एक वाट स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरची. १:१० चा ट्रान्सफॉर्मर ०.३ चे ३ मिलिव्होल्ट करतो. पण फोनो स्टेजचा ४७ किलोओहमचा भार कार्ट्रिजला १० च्या वर्गाने, म्हणजे १०० ने भागून, ४७० ओहम दिसतो. डीएल-१०३ ची कॉइल ४० ओहमची, त्यामुळे हे जमते. हाव धरून १:२० लावला तर भार ११७ ओहमवर येतो. अपेक्षा ६ मिलिव्होल्टची, हाती साडेचारच, आणि आवाजही दबल्यासारखा. २ ते ६ ओहमच्या कॉइलला मात्र १:२० बेलाशक चालतो. निवड कॉइलचे ओहम पाहून करायची; नुसते मिलिव्होल्ट पाहून नव्हे.

दुसरी वाट इलेक्ट्रॉनिक हेडॲम्पची. त्यात भार हवा तसा ठरवता येतो, पण स्वस्त हेडॲम्प सुसूसू करतो. ट्रान्सफॉर्मर सुसकारत नाही. तो विजेची गुणगुण पकडतो.

ख्यालाच्या एलपीवर ही गुणगुण जास्त बोचते. गायकाचा सा काळी एक, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ असेल, तर मिरजेच्या मर्दानी तानपुऱ्याची पंचमाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास येते. रेक्टिफायरची गुणगुण १०० हर्ट्झची. दोन्हींची गाठ पडली की सेकंदाला चारेक हेलकावे ऐकू येतात आणि उत्तम जुळलेला तानपुरा उतरल्याचा भास होतो. त्यात भर म्हणजे रेकॉर्डच्या आरआयएए भरपाईमुळे फोनो स्टेज १ किलोहर्ट्झच्या मानाने १०० हर्ट्झ जवळपास साडेचार पट उचलतो. विलंबित आलापात लपायला जागा नसते.

उपाय म्हणून प्लगची अर्थ पिन मोडण्याची सवय वाईट, आणि धोक्याचीही. साताऱ्याकडच्या खंडाळ्यासारख्या अवर्षणाच्या तालुक्यात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो; त्यात पाणी घालावेच, पण ते जिवासाठी, गुणगुण त्याने जात नाही. ती बहुधा दोन वाटांनी जोडल्या गेलेल्या अर्थमुळे येते. टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर फोनो स्टेजच्या स्क्रूला, एकाच ठिकाणी कसावी. मग सुई उचललेली ठेवून आवाज नेहमीच्या पातळीवर न्यावा आणि ट्रान्सफॉर्मर हातात धरून सावकाश फिरवावा. एका कोनात गुणगुण एकदम खाली बसते. तिथेच तो पक्का करावा, ॲम्प्लिफायरच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून निदान हातभर दूर.