वाट काढणारी

हृदयाच्या रोहिण्यांतले अडथळे जिथे उघडतात, त्या कॅथ लॅबमध्ये तिला नुसतं 'वायर' म्हणतात. जाडी 0.014 इंच, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. लांबी जेमतेम दोन मीटर. स्टेंटची चर्चा घरोघरी होते, बिलातही त्याचं नाव ठळक असतं. हिची चौकशी कुणी करत नाही. पण ही पलीकडे पोचल्याशिवाय फुगा जात नाही, स्टेंटही जात नाही.

साध्या ब्लॉकमध्ये मऊ वायर पुरते. तिचं खरं पाणी जोखलं जातं ते तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ शंभर टक्के बंद असलेल्या रोहिणीत. तिथली गुठळी केव्हाच घट्ट तंतूंची झालेली असते, कॅल्शियम साचलेलं असतं, तोंडाशी टणक टोपी बसलेली असते. अँजिओग्राफीत रोहिणी मध्येच संपल्यासारखी दिसते. म्हणून दुसऱ्या बाजूच्या रोहिणीतही त्याच वेळी रंग सोडतात. हृदयाने स्वतःच वाढवलेल्या आडवाटांनी तो रंग फिरून येतो आणि बंद भागापलीकडची रोहिणी पडद्यावर उमटते. आता तिला कुठे पोचायचंय ते दिसतं. मधला रस्ता मात्र दिसत नाही.

आत जाण्याआधी डॉक्टर तिचं टोक सुईच्या आधाराने वाकवतात, शेवटचा जेमतेम एक मिलिमीटर. तेवढ्याच बाकावर तिची सगळी दिशा ठरते. बाक मोठा झाला तर बंद वाटेत ती स्वतःची पोकळी करून बसेल. स्वभाव पाहून तिची निवड होते. टोक दुमडायला किती ग्रॅम भार लागतो, ते तिच्या कडकपणाचं माप. रोजच्या कामातली एक ग्रॅमच्या आतबाहेर; टोपी फोडणारी बारा ग्रॅमची, आणि तिचं टोक 0.009 इंचापर्यंत निमुळतं केलेलं.

कडक आहे म्हणून तिला रेटत मात्र नाहीत. दोन बोटांत धरून थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवतात आणि टोकाला काय लागतंय ते बोटांना कळू देतात. माझ्या मते तिचा सर्वांत मोठा गुण हाच. ती रोहिणीच्या भिंतीत शिरली तर दोन वेगळ्या कोनांतून पाहिल्यावरच खात्री होते. मग कधीकधी तिला तिथेच राहू देतात आणि तिच्या खुणेने शेजारून दुसरी घालतात. रोहिणीला भोक पडलं तर हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचून जिवावर बेतू शकतं. म्हणून थांबणं हेही या कामातलं कसब आहे.

समोरून दार उघडेना, तर ती मागून येते. ही वाट घडवण्यात जपानी डॉक्टरांचा, विशेषतः ओसामु कातो यांचा, मोठा वाटा. अशा अनेक वायरी बनवणारी असाही इंटेक ही कंपनीही जपानचीच, आइची प्रांतातल्या सेतोची. शेवटाकडची टोपी बऱ्याचदा तुलनेने नरम असते, म्हणून ती चालू रोहिणीतून निघते, हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातल्या केसासारख्या नागमोडी वाहिन्यांतून सरकते आणि बंद भागात उलटी शिरते. यासाठीची वायर 330 सेंटिमीटरची असते. कारण ती एका मनगटातून किंवा जांघेतून आत जाते, हृदयातून फिरते आणि दुसरीकडून शरीराबाहेर येते. दोन्ही टोकं डॉक्टरांच्या हातात आली की तिच्यावरून फुगा नेता येतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झाले होते.

एवढ्या खटपटीने काय मिळतं? अशा जुन्या, पूर्ण बंद रोहिण्यांवरच्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या युरो-सीटीओ चाचणीत, फक्त औषधं घेणाऱ्यांच्या तुलनेत रोहिणी उघडलेल्यांचं छातीतलं दुखणं कमी झालं, रोजचं जगणं सुधारलं. आयुष्य वाढतं असं मात्र चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही, आणि पेशंटला ते आधीच सांगायला हवं. ज्याला एक जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, त्याच्यासाठी ती सुधारणा लहान नाही.

आणि कधी ती पोचतच नाही. रंगाचं प्रमाण किडनीला झेपेनासं होतं, एक्स-रेचा मारा मर्यादेला टेकतो. अशा वेळी बाहेर येण्याआधी, वायर जिथवर गेली तिथवर, बंद जागेत लहान फुगा फुगवून ती जागा थोडी सैल करून ठेवतात. काही आठवडे भरून येऊ देतात, आणि मग नवी वायर त्याच वाटेवर पुन्हा निघते.