अर्ध्यावर राहिलेल्या कादंबऱ्या

आमच्या घरच्या पुस्तकांच्या कपाटांत एक खण असा आहे कीं, कोणी साहित्यप्रेमी पाहुणे आले म्हणजे मी त्याचें दार हळूच लोटून घेतों. त्यांत लपवून ठेवण्यासारखें कांहीं नाहीं; मीं पुऱ्या न केलेल्या कादंबऱ्या तेवढ्या आहेत. कोणींत रेल्वेचें जुनें तिकीट, कोणींत पिंपळाचें पान, कोणींत लग्नपत्रिकेचा तुकडा खुणेसाठीं राहिलेला आहे. माझा उत्साह नेमका कोठें मावळला, हें त्यावरून कोणासही कळावें.

वामन मल्हार जोशी यांची 'रागिणी' मीं तीनदां हातीं घेतली. तत्त्वचर्चेची कादंबरी म्हणून विद्वानांनीं तिला मान दिला आहे, तो योग्यच असेल. परंतु पात्रें वाद घालूं लागलीं कीं कथानक बिचारें ओटीवर ताटकळत बसतें, असें मला वाटे. नवल हें कीं, त्यांचीच 'इंदु काळे व सरला भोळे' मीं वसई रोड ते चर्चगेट अशा गाडीच्या खेपांत उभ्या उभ्या संपविली. चर्चा तिच्यांतही आहे. पण ती पत्रांतून येते, आणि पत्र लिहिणाऱ्या माणसानें आपलें मत सांगितलें तर त्यांत वावगें कांहीं दिसत नाहीं.

खांडेकरांच्या 'ययाति'ला १९७४ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें, तेव्हां गांवांतील एका लहानशा बैठकींत मी तिच्यावर दहा मिनिटें बोललों. त्या वेळीं ती मीं निम्मीच वाचली होती, हें आज प्रथमच कबूल करतों. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली कहाणी आपणच सांगतात ही योजना मला मनापासून आवडली होती. पण ज्याच्या त्याच्या तोंडीं इतकीं सुभाषितें आलीं कीं, यांपैकीं कोणी तरी एकदां साधें बोलावें म्हणून माझा जीव कासावीस झाला. ती पुढेंही पुरी झाली नाहीं.

ज्या कादंबरीनें मला वाचनाचें वेड लावलें ती हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल'. शाळेंत असतांना मीं ती वसईच्या किल्ल्यांत, ढासळलेल्या तटावर बसून वाचली. पानावरचा गड आणि पाठीमागचा तट यांतला भेद तेव्हां माझ्या ध्यानींच येत नसे. पुढें मात्र ऐतिहासिक कादंबऱ्यांतील विजयांचा मला वीट आला. वसईंत राहणाऱ्याला हें सहज होतें. ज्या वसईवर १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं निशाण लावलें, त्याच वसईंत अवघ्या ६३ वर्षांनीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला. पहिल्या प्रसंगावर भाषणें पुष्कळ ऐकलीं; दुसऱ्याच्या मनांत त्या दिवशीं काय चाललें असेल, हें सांगणारी कादंबरी मला अजून भेटावयाची आहे.

हें सर्व झालें कंटाळ्याचें. त्या खणांतील एक पुस्तक मात्र कंटाळ्यानें राहिलेलें नाहीं. तें म्हणजे हरिभाऊंचेंच 'पण लक्षांत कोण घेतो?'

१९६० चा पावसाळा असावा. आमच्या घरीं वडिलांची आत्या असे. आम्ही मुलेंही तिला आत्याच म्हणत असूं. ती बाराव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं परतली होती. तांबडें आलवण आणि कपाळावर ओढलेला पदर, याहून निराळी मीं तिला कधीं पाहिली नाहीं. तिला वाचतां येत नसे. दुपारीं वाडींतल्या केळींवर पाऊस कोसळत असे आणि मी तिला ही कादंबरी वाचून दाखवीत असें. बक्षीस म्हणून सुकेळीं मिळत. यमूच्या बालपणाला ती खळखळून हंसली. मुंबईचा संसार सुरू झाला तेव्हां तिनें तेंच प्रकरण दोनदां वाचावयास लावलें. रघुनाथराव वारले त्या दिवशीं ती कांहींच बोलली नाहीं. पुढच्या दुपारीं मीं पुस्तक उघडलें, तों ती म्हणाली, "राहूं दे रे आतां. पुढचें मला ठाऊक आहे."

मीं पोरपणानें विचारलें, "आत्या, तूं तर हें वाचलेलें नाहींस!"

तिनें उत्तर दिलें नाहीं. फक्त एकदां भिंतीकडे पाहिलें. तेथें तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या पणजोबांची, पगडी घातलेली तसबीर होती. आम्ही रोज सायंकाळीं तिला नमस्कार करीत असूं. यमूच्या घरच्या शंकरमामंजींना मी तोंवर पुस्तकांतला दुष्ट मनुष्य समजत होतों.

आत्या गेल्यावरही पुढचीं पानें उलटण्याचा मला धीर झाला नाहीं. गेल्या श्रावणांत मात्र पुस्तक काढलें. खुणेला तिच्या जपाच्या माळेच्या पिशवीचा दोरा निघाला. तीन रात्रींत वाचून संपविलें. केशवपनाच्या प्रकरणाशीं थांबलों, दिवा मालवला, पुन्हां लावला. हरिभाऊंनीं तें यमूच्याच तोंडून सांगितलें आहे, आणि आमच्या आत्यानें जन्मांत एक अक्षर सांगितलें नाहीं, एवढाच काय तो फरक मला दिसला.

तें पुस्तक आतां त्या खणांत नाहीं. उघड्या फळीवर ठेवलें आहे. तसबीर अजून ओटीवरच आहे. परवां सणाला सुनेनें ती पुसून पुन्हां जागच्या जागीं लावली, आणि मी तिला कांहीं सांगितलें नाहीं.