लहरी डायोड

पाळण्यातलं नाव रेझोनंट टनेलिंग डायोड. व्यवहारात आरटीडी म्हटलं तरी चालतं. संसार केवढा, तर मध्ये गॅलियम आर्सेनाइडची पाचेक नॅनोमीटर रुंदीची विहीर आणि दोन्ही अंगांना, त्याच पदार्थात अ‍ॅल्युमिनियम मिसळून उभ्या केलेल्या दोन पातळ भिंती.

स्वभाव मात्र अवघड. व्होल्टेज वाढवलं की करंट वाढायचा, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. याच्याकडे तसं नाही. आधी दाद देत नाही, मग खुलतो, करंट सरसर चढतो. आणि आणखी थोडं वाढवायला जावं, तर एकदम आखडतो. जास्त आग्रह केला की ताटावरून उठणाऱ्या जावयासारखा.

रुसण्याला कारण आहे. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो, आणि विहिरीत कोंडलेल्या लाटेला ठरावीक ऊर्जाच मानवतात. येणाऱ्याची ऊर्जा त्यांतल्या एकीशी जुळली, की दोन भिंतींमध्ये येरझारा घालणाऱ्या लाटा एकमेकींना बळ देतात आणि इलेक्ट्रॉन आरपार जातो. एकट्या भिंतीने हजारातला एखादाच सोडला असता, तिथे दोन सारख्या भिंती मिळून जवळपास सगळ्यांना सोडतात! अडथळा दुप्पट करावा आणि वाट मोकळी व्हावी, हे कितीदा वाचलं तरी मला पचत नाही. व्होल्टेज वाढेल तशी विहिरीतली पातळी खाली सरकते. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी जमतं तोवर मैफल रंगते; ती त्यांच्याही खाली गेली, की जुळणारं कुणी उरत नाही.

त्याची पत्रिका मांडली राफाएल त्सू आणि लिओ एसाकी यांनी, १९७३ साली, आयबीएममध्ये. पुढच्याच वर्षी लेरॉय चँग यांच्यासह त्यांनी तो प्रत्यक्ष घडवून दाखवला. १९७३चं नोबेल एसाकींना मिळालं खरं, पण ते याच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे टनेल डायोडच्या, पुण्याईवर: पुढे सोनी म्हणून गाजलेल्या कंपनीत त्यांनी १९५७च्या सुमारास केलेल्या टनेलिंगच्या कामाबद्दल.

लाड फार करावे लागतात. निर्वात पेटीत अणूंचे थर एकावर एक चढवायचे. भिंतीत एखादा थर कमी-जास्त झाला तरी करंट भलताच बदलतो. पण तो रुसवाच त्याची कमाई. योग्य सर्किटमध्ये बसवला, तर तिथली गळती भरून काढत आंदोलनं चालू ठेवतो. टोकियोच्या संशोधकांनी त्याला नेहमीच्या तापमानाला दोन टेराहर्ट्झच्या जवळ नेलं आहे. तिथे आवाज मात्र मायक्रोवॅटच्या घरातला.

ट्रान्झिस्टरची गादी काही मिळाली नाही. पाय दोनच, त्यामुळे हुकूम घ्यायचा आणि काम करायचं ते त्याच दोन पायांवर. त्याच कुळातला, अशाच कितीतरी विहिरी ओळीने मांडलेला क्वांटम कॅस्केड लेसर १९९४मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मला आणि हवेतले वायू ओळखायच्या नोकरीला लागलासुद्धा.