कंट्रोल

उंची तीस सेंटिमीटर, रुंदीही तेवढीच. कापडाचे तीन चौकोन कडेला कड लावून शिवलेले आणि प्रत्येक चौकोन कर्णावर दुभागलेला, अर्धा पांढरा, अर्धा केशरी. तिन्ही बाजूंना तोंड असल्यामुळे कुठूनही या, हा समोरूनच भेटतो. केंब्रिज विद्यापीठाच्या ओरिएंटियरिंग क्लबातली मुलं याला कंट्रोल म्हणतात. नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी रानात उतरायचं, नेमून दिलेली ठिकाणं क्रमाने गाठायची आणि सगळ्यांच्या आधी परतायचं, असा हा खेळ. त्यातल्या प्रत्येक ठिकाणी हा हजर असतो.

स्वभाव अबोल, पण सरळ. नकाशावर जांभळं वर्तुळ काढलेलं असतं, त्याच्या बरोबर मध्यावर हा सापडणार म्हणजे सापडणार. एका वर्तुळातून दुसऱ्यात कसं जायचं, ते मात्र हा सांगत नाही. मोठ्या वाटेने वळसा घ्यायचा की झाडीतून थेट घुसायचं, ते पळणाऱ्याने पळता पळता ठरवायचं. नकाशावर पांढरं असेल तिथे जंगल मोकळं, हिरवा गडद होईल तशी झाडी दाट, पिवळं म्हणजे उघडं रान. हे रंग अंगवळणी पडले की पाय आपोआप योग्य दिशेला वळतात.

लपून बसणं याला मंजूर नाही. खड्ड्यापाशी लावला असेल, तर खड्डा सापडलेल्याला हाही दिसलाच पाहिजे, असा दंडक आहे. कसोटी नकाशा वाचण्याची असते, शोधाशोधीच्या नशिबाची नसते. क्रमांक देतानाही असाच काटेकोरपणा. क्रमांक ३१ पासून सुरू होतात, म्हणजे शर्यतीतला पहिला, दुसरा, तिसरा या क्रमाशी घोटाळा नको. इंग्रजी आकड्यांतला ६८ उलटा धरला तर ८९ वाचला जातो, म्हणून असे फसवे आकडे टाळतात.

घराणं उत्तरेकडचं. ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत, आजच्या ओस्लोजवळ, या खेळाची पहिली खुली शर्यत झाली. १९१९ साली मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळच्या रानात दोनशेहून अधिक धावपटू उतरवले आणि खेळाला घडी बसवून दिली. १९६१ मध्ये कोपनहेगनला दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापला. ब्रिटनमध्ये साठच्या दशकात हा खेळ रुजवण्यासाठी झटणाऱ्यांत क्रिस ब्रॅशर आघाडीवर होते. केंब्रिजचे हे माजी विद्यार्थी. १९५४ साली रॉजर बॅनिस्टर चार मिनिटांच्या आत मैल धावले, तेव्हा सुरुवातीचा वेग यांनीच धरला होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं सुवर्णपदकही त्यांनी जिंकलं.

केंब्रिजचा मुलूख सपाट, नजर अडेल असा डोंगर नाही. सरावाला जवळचं मोठं रान म्हणजे थेटफर्ड. पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई भासली, त्यानंतर लावलेलं हे पाइनचं जंगल. एका रांगेतलं झाड पुढच्या रांगेसारखं, एक वाट दुसरीसारखी. अशा ठिकाणी उथळ खळगा, चराचं वळण, बांधाचं टोक यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून इथे कंट्रोल लावणं हे मोठ्या जोखमीचं काम.

ते काम विद्यार्थीच करतात. आखणी करणारा आधी येऊन जागेवर छोटी फीत बांधून जातो. दुसरा जाणकार नकाशा घेऊन स्वतंत्रपणे तिथे पोचतो आणि जागा बरोबर आहे का, ते पडताळतो. मग शर्यतीच्या दिवशी खांब रोवला जातो, त्याला हा अडकवतात आणि वर हजेरीची पेटी बसते. पूर्वी खिळ्यांचा चिमटा असायचा. प्रत्येक चिमट्याची छिद्रं वेगळी आणि धावपटूच्या कार्डावर उमटलेली ती नक्षी हाच पुरावा. आता बोटाला बांधलेली चिप पेटीत घातली की पेटी वाजते आणि वेळ नोंदली जाते. एवढं करूनही हा चुकीच्या खळग्यात लागला, तर धावपटूची सारी मेहनत पाण्यात, कारण त्या मार्गाचा निकालच रद्द होऊ शकतो.

ऑक्सफर्डविरुद्ध होणाऱ्या वार्षिक सामन्यात याचा खरा मान. पळणारे अभ्यास संपवून निघून जातात, पण नातं सुटत नाही. केंब्रिजच्या माजी खेळाडूंनी ड्राँगो नावाचा आपला वेगळा क्लबच काढला आहे. विद्यार्थ्यांसाठी जागतिक स्पर्धाही आहे. ती १९७८ साली फिनलंडमधल्या युवास्कुला इथे सुरू झाली आणि तिथेही हाच केशरी-पांढरा गडी उभा असतो.

विद्यापीठाच्या क्लबात माणसं तीन-चार वर्षांत बदलतात. पोरं जातात, नवी येतात. तरी क्लब टिकतो, कारण जाणारा येणाऱ्याला खळगा ओळखायला, फीत बांधायला आणि पडताळायला शिकवून जातो. पहाटे थंडीत खांद्यावर खांब टाकून रानात शिरणारा विद्यार्थी त्या दिवशी स्वतः पळत नसतो, पण जिंकणाऱ्याच्या वेळेला किंमत येते ती त्याच्या चोख कामामुळे. क्लबाच्या इतिहासात विजेत्यांच्या बरोबरीने त्याचंही नाव लिहिलं गेलं पाहिजे.